मोठ्या चाकांचा हिशेब

मस्तगड हा जालन्याचा जुना किल्ला. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने तो १७२५ च्या सुमारास बांधला. तो काळ बैल आणि तोफांचा. २ सप्टेंबर १८०३ ला कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालना घेतलं आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला याच जिल्ह्यातल्या असईला मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. भर पावसाळ्यात काळ्या जमिनीतून तोफा हलवायच्या म्हणजे बैलांचा जीव निघायचा. तोफगाड्याचं चाक जितकं उंच तितकं ते खड्ड्यात कमी उतरायचं आणि चिखलात कमी रुतायचं.

आजही मोठं चाक आवडायचं हेच पहिलं कारण आहे आणि ते खरंही आहे. पण तोफगाड्याचं चाक बाहेरून ओढलं जायचं. बैल पुढे चालले की चाक आपोआप फिरायचं, त्यामुळे त्याच्या उंचीचा फायदाच व्हायचा. मोटारीच्या चाकाला इंजिन आतून, अक्षापासून फिरवतं. तिथे चाक जितकं उंच तितका इंजिनाच्या विरोधातला दांडा लांब. उंचीचा फायदा हवा असेल तर त्याची किंमत ओढीत मोजावी लागते. ही किंमत किती आणि ती कुठे भरून काढता येते, हे या लेखात मांडायचं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जीप, बोलेरो, थार यांना मोठे टायर चढवायची हौस फार वाढली आहे. हौसेला माझा विरोध नाही. हिशेब न करता केलेल्या हौसेला आहे.

सुरुवात मागच्या एक्सलच्या मधोमध असलेल्या गोल घरापासून करू. त्यात दोन वेगळी कामं चालतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं काम वळणाचं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यातलं एक घासत जाणार. बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे प्रत्येक चाक कण्यावर मोकळं फिरतं. चाकांना ताकद द्यायची आणि तरी त्यांना मोकळं ठेवायचं, ही अडचण यंत्राच्या गाडीबरोबर आली. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्युरने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर उत्तर काढलं, तेच डिफरन्शिअल. त्याचा नियम सोपा आहे : दोन चाकांच्या वेगांची सरासरी नेहमी त्या घरातल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राऊनच्या, वेगाइतकी राहते. गाडी जॅकवर घेऊन एक चाक धरून ठेवलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं, ते यामुळेच.

दुसरं काम वेग घटवून ओढ वाढवण्याचं, आणि रेशो म्हणतात तो याचा. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतं, ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला १० असतील तर रेशो ४.१. म्हणजे शाफ्टचे चार फेरे आणि थोडं जास्त झालं की चाकाचा एक फेरा होतो, आणि त्या प्रमाणात ओढ वाढते. ४१ आणि १० यांचा सामाईक अवयव नाही, तेही मुद्दाम. त्यामुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा रेशो ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८ होता. नंतरच्या नागरी जीपला ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८ देण्यात आला, कारण तिच्याकडून शेतात नांगर आणि ट्रेलर ओढून घ्यायचे होते. महिंद्रांनी मुंबईत ज्या जीप बांधल्या त्या याच घराण्यातल्या. चढणीवर त्या मुंगीच्या चालीने पण न थकता जात आणि सपाटीवर सत्तरच्या पुढे आवाज करत, ते याच दात्यांमुळे.

ट्रकच्या धंद्यात हे गणित प्रत्येक मालकाच्या पोटाशी आहे. जालन्यात भंगार वितळवून सळई बनवणारे कारखाने आहेत. भंगार येतं आणि सळई जाते ती ट्रकनेच. टाटाच्या मध्यम ट्रकांच्या एक्सलला ४१ भागिले ७ (५.८६) आणि ४१ भागिले ६ (६.८३) असे दोन रेशो वर्षानुवर्षं चालत आले आहेत. पिनियनचा एकच दात कमी केला की ओढ सहाव्या हिश्श्याने वाढते. खाणीत किंवा घाटात भरलेला माल न्यायचा असेल तर ६.८३ बरा. मोकळ्या महामार्गावर लांबचं भाडं असेल तर ५.८६ मध्ये डिझेल वाचतं. ज्याला सिल्लोडवरून अजिंठा घाट उतरून जळगावकडे जायचं असतं आणि ज्याला समृद्धी महामार्गावरून थेट मुंबई गाठायची असते, त्या दोघांना एकच एक्सल फायद्याचा ठरणार नाही. हे ट्रकमालकाला कुणी शिकवावं लागत नाही. कारवाल्याला मात्र रेशो नावाची गोष्ट आहे हेच बहुधा माहीत नसतं. एवढी पैसा खाणारी गोष्ट विक्रीच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत नसावी, याचं मला वाईट वाटतं.

आता टायर. टायरच्या भिंतीवरची २१५/७५ आर १५ ही खूण वाचायला सोपी आहे. रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंचांची. म्हणजे पूर्ण व्यास ३८१ अधिक दोन वेळा १६१, साधारण ७०३ मिलिमीटर. बोलेरोला वर्षानुवर्षं हाच टायर आला आहे. कुणी त्याजागी २३५/७५ आर १५ चढवला तर व्यास ७३३ होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांची वाढ. एवढी वाढ बहुतेक गाड्या निभावून नेतात. पण कुणी ३१ इंची टायर घातला तर व्यास ७८७ वर जातो आणि वाढ बारा टक्क्यांच्या जवळ पोचते.

या बारा टक्क्यांचं काय होतं ते ४.१ रेशोच्या एखाद्या गाडीवर पाहू. क्राऊन-पिनियन तेच राहतात, पण चाकाखाली मिळणारी ओढ जणू रेशो ३.६६ असल्यासारखी होते. थेट गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन आधी सुमारे ३,१०० फेरे घ्यायचं, आता २,७६० च घेईल. ऐकायला छान वाटतं, इंजिन शांत आणि डिझेलची बचत. सपाट रस्ता, हलका भार आणि डिझेल इंजिनाची भरपूर ओढ असेल तर काही प्रमाणात तसं होतंही. पण चार माणसं आणि सामान घेऊन चढ लागला की टॉप ओढत नाही, एक गिअर खाली यावं लागतं, आणि मग फेरेही वाढतात आणि डिझेलही. सुटताना क्लच जास्त वेळ अर्धा दाबून धरावा लागतो आणि प्लेट लवकर जळते. गॅरेजमध्ये ‘गाडीचा पिकअप गेला’ अशी तक्रार येते. इंजेक्टर साफ होतात, फिल्टर बदलतात, आणि चाकाकडे कुणी पाहत नाही.

यात वजनाचीही भर पडते. चाकाच्या परिघावरचं वजन पुढेही सरकतं आणि फिरतही असतं. म्हणून तिथला एक किलो वेग घेताना गाडीत ठेवलेल्या जवळपास दोन किलोंइतका जड पडतो. ब्रेकलाही हाच दांडा नडतो. पायाचा दाब तोच ठेवला तर या ३१ इंची चाकाखाली ब्रेकचा जोर दहा टक्क्यांहून अधिक कमी होतो. पिकअप गेला की माणूस तक्रार करतो, ब्रेक मात्र कमी झाले तरी नेमक्या गरजेच्या क्षणापर्यंत कळत नाही. या साऱ्या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

मीटरही खोटं बोलू लागतं. चाकाच्या फेऱ्यांवर चालणारा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ११२ च्या जवळ असते. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि अशा टायरवर काट्याने १०७ दाखवताच ती मर्यादा गाठलेली असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. त्यामुळे ॲव्हरेज जेवढं पडल्यासारखं वाटतं, तेवढं ते खरोखर पडलेलं नसतं. मोठ्या टायरांनी ॲव्हरेज निम्मं झालं म्हणणाऱ्याने आधी आपल्या मीटरचा हिशेब करावा.

उपाय आहे, आणि तो क्राऊन-पिनियनमध्येच आहे. ७०३ वरून ७८७ ला गेलेल्या गाडीला पहिली ओढ परत हवी असेल तर रेशो ४.५९ च्या आसपास लागेल. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६, जवळजवळ नेमका. पिनियनचा एक दात कमी झाला की गाडी पुन्हा पहिल्यासारखी सुटते आणि मीटर शाफ्टवरून चालत असेल तर तेही ताळ्यावर येतं. चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत मात्र पुढचा आणि मागचा असे दोन्ही एक्सल एकदमच बदलावे लागतात. एकच बदलला तर फोर बाय फोर लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस फुटू शकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या नेहमीच्या कारमध्ये हे दाते गिअरबॉक्सच्या पोटात असतात, तिथे ते बदलायचा विचारच सोडावा. शिवाय क्राऊन-पिनियन बसवणं नाजूक काम आहे. दात्यांना रंग लावून ठसा पाहायचा, शिम घालून अंतर जमवायचं, मग बेअरिंगचा ताण बघायचा. पॅकार्डने १९२६ मध्ये वापरात आणलेल्या हायपॉइड रचनेत पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली असतं, त्यामुळे दाते एकमेकांवर घसरतही असतात. त्यासाठी खास ऑइल लागतं. साधं ऑइल घातलं तर काही हजार किलोमीटरांत दाते रडू लागतात.

शहरातल्या कारसाठी गोष्ट वेगळी आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो आणि वरच्याला १८५/६५ आर १५. रिम एक इंचाने मोठी, पण व्यास ६२० आणि ६२१, जवळजवळ तोच. कंपनीने भिंत कमी करून बाहेरचं माप राखलं. त्याच गाडीला २०५/४५ आर १७ घातला तरी व्यास ६१६ च्या आसपास राहतो, रेशो बिघडत नाही. पण रबराची भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरवर येते आणि आपल्या खड्ड्यांत अलॉय वाकते. माझ्या मते आपल्या रस्त्यांना कंपनीच्या मोठ्या मॉडेलचं माप ही वरची हद्द आहे.

शेतात हाच प्रश्न ट्रॅक्टरला आहे. मागे १३.६-२८ ऐवजी १४.९-२८ घेतात ते मऊ रानात रुतू नये म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढच्या चाकांचा परिघावरचा वेग मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के जास्त राहावा अशी दात्यांची जुळणी असते. नुसते मागचे टायर मोठे केले की हा फरक पुसला जातो, पुढची चाकं ओढण्याऐवजी मागे रेटतात आणि पुढचा एक्सल झिजतो. टायर बदलायचेच तर पुढचे-मागचे जोडीने बदला. एकाच एक्सलवर एक नवा आणि एक गुळगुळीत टायर हेही तसंच आहे. दोन्हींचे व्यास वेगळे, म्हणून सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअलला थांबता येत नाही.

काळ्या चिकणमातीत एक चाक गरगरतं आणि मुरमावरचं दुसरं जागचं हलत नाही, तेव्हा टायर मोठा असूनही उपयोग होत नाही. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि चिखलातलं चाक जेवढा जोर पेलतं तेवढाच दुसऱ्याला मिळतो. ट्रॅक्टरमध्ये पायाने दाबायचा लॉक असतो तो यासाठी, आणि थारच्या वरच्या मॉडेलांत आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक मिळतो. चिखलासाठी पैसे घालायचे असतील तर मी मोठ्या टायरांआधी लॉक घेईन.

मोठ्या टायरांचा एक फायदा नाकारता येत नाही. ठोस एक्सलच्या गाडीत कमानपाटे उंच केले तरी एक्सलचं घर जमिनीपासून तेवढंच राहतं, ते उचलतं फक्त टायर. पण व्यासाची निम्मीच वाढ तिथे मिळते. बोलेरोच्या त्या सव्वाचार टक्क्यांत पंधरा मिलिमीटर उंची पदरी पडते.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही टायरचं माप पाहते.

दिवाळीत गाडी किंवा टायर घेणार असाल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी आधी वाचा. त्यावर निर्मात्याने मान्य केलेली मापं असतात. नव्या टायरचा व्यास काढा, जुन्याशी ताडून पाहा. फरक तीन टक्क्यांच्या आत असेल तर विचार करा. त्याहून जास्त असेल तर दुकानदाराला विचारा की रेशोचं काय करायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर त्या दुकानातून टायर घेऊ नका.