लाटेकला पहिल्याच वेळी उशीर का लागतो?

सकाळी संगणक लावून लाटेकमधली मराठी फाइल कंपाइल केली, की काही सेकंद नुसतं बघत बसावं लागतं. लगेच पुन्हा केली, तर तीच फाइल झटकन होते. ओळी जुळवण्याचं काम दोन्ही वेळा सारखंच असतं. वेळ जातो तो त्याआधी, फाइली शोधण्यात आणि वाचण्यात.

डिस्क आणि रॅम

फिरत्या हार्ड डिस्कवर विखुरलेली एकेक फाइल गाठायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. क्लास, पॅकेजेस, फॉन्ट धरून शंभर फाइली उघडल्या, तर एक सेकंद तिथेच गेला. एकदा वाचलेलं ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये ठेवते, म्हणून दुसरी खेप हलकी होते. एसएसडीवर हा फरक बराच कमी जाणवतो.

फाइलींची यादी

टेक लाइव्ह या लाटेकच्या संचात फाइलींचा डोंगर असतो. दरवेळी सगळे फोल्डर धुंडाळू नयेत म्हणून ‘एलएस-आर’ नावाची तयार यादी वाचली जाते. मुख्य फोल्डरांत हाताने पॅकेज टाकून ही यादी नवी केली नाही, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’ असा संदेश येतो.

आधीच वाचून ठेवलेले मॅक्रो

डोनाल्ड कनूथ यांनी लाटेकचा पाया असलेल्या टेकमध्येच ही सोय केली: मॅक्रो एकदा वाचायचे आणि मेमरीतली ती स्थिती फॉरमॅट फाइलमध्ये साठवायची. पूर्वी अनेक पॅकेजेसना लागणारा ‘एक्सपीएल3’चा प्रचंड कोड प्रत्येक कंपाइलला नव्याने वाचला जाई. 2 फेब्रुवारी 2020च्या लाटेकपासून तो फॉरमॅटमध्येच आला आणि सुरुवात लक्षणीय वेगवान झाली.

देवनागरीचा प्रश्न

देवनागरीसाठी सहसा ओपनटाइप फॉन्ट आणि झीटेक किंवा लुआलाटेक वापरावं लागतं, म्हणून आपल्याला खरी झळ इथे बसते. आपलीही पॅकेजेस अशीच साठवता येतात, पण झीटेक ओपनटाइप फॉन्ट लोड झालेला असताना फॉरमॅट साठवायला नकार देतं. तेव्हा साठवण्याची रेघ फॉन्टच्या ओळींच्या वर ओढायची.

लुआलाटेक फॉन्टचा तपशील वाचून स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं. फॉन्ट नावाने मागितला आणि फॉन्टांची यादी नसली, तर ती बनवायला पहिल्या वेळी काही मिनिटंही जातात. अडकलं असं समजून अनेकजण मध्येच थांबवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच वाट बघतात. तेवढा एकदा धीर धरावा. टेक लाइव्हमधला फॉन्ट त्याच्या फाइलच्या नावाने मागितला, तर ही यादी लागतही नाही. आणि जागा मोकळी करताना हा कॅश पुसू नये.