किट स्पोर्ट्स मोटार

किट स्पोर्ट्स मोटार म्हणजे सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकली जाणारी आणि खरेदीदाराने स्वतः किंवा कारागिराच्या मदतीने जुळवून पूर्ण केलेली, वजनाने हलकी, दोन आसनांची आणि बहुधा कायमचे छप्पर नसलेली मोटार होय. सांगाडा, बाह्यांग आणि काही खास भाग संच बनवणाऱ्याकडून मिळतात. इंजिन, गिअरबॉक्स, आस यांसारखे भाग एखाद्या प्रचलित मोटारीतून घेतले जातात. अशा भाग पुरवणाऱ्या मोटारीस 'दाता मोटार' म्हटले जाते. या प्रकाराचा उगम इंग्लंडमध्ये झाला. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अलिबागजवळ तयार झालेली चिंकारा रोडस्टर ही मोटार.

या मोटारींचे मुख्य वैशिष्ट्य वेग नसून हलकेपणा हे आहे. हा हलकेपणा मोटारीतून काही गोष्टी वगळून साधलेला असतो. छप्पर, जाड दारे, ध्वनिरोधक अस्तर, वातानुकूलन आणि अनेकदा आधुनिक सुरक्षासाधनेही तिच्यात नसतात. जे मोटारीतून वगळले जाते, त्याची जबाबदारी मालकावर आणि चालकावर येते. या मोटारीची मालकी, नोंदणी व चालवणे समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इतिहास

ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांनी स्थापन केलेल्या लोटस या कंपनीने १९५२ मध्ये 'मार्क सहा' ही मोटार संचरूपात विकण्यास सुरुवात केली. तिच्याच परंपरेतील 'लोटस सेव्हन' १९५७ मध्ये आली आणि पुढे या संपूर्ण प्रकाराचा नमुना ठरली. पोलादी नळ्यांचा त्रिमित सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि चिखलपंख वेगळे बसवलेली उघडी पुढची चाके, अशी तिची रचना होती. आरंभीच्या आवृत्तीत फोर्ड कंपनीचे ११७२ घनसेंमीचे साधे इंजिन वापरले गेले. त्याची शक्ती जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास असूनही मोटारीचे वजन अगदी कमी असल्याने ती चपळ होती.

संचरूपातील विक्रीमागे कराचेही कारण होते. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागत असे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. मात्र सवलत टिकवायची तर जुळणी ग्राहकानेच करणे अपेक्षित होते. १९७३ मध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि संचांचा हा आर्थिक लाभ संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून कॅटरहॅम या विक्रेत्या कंपनीने घेतले. कॅटरहॅम सेव्हनचे उत्पादन त्यानंतरही चालू राहिले. नेदरलँड्समधील डॉन्करवूर्ट आणि दक्षिण आफ्रिकेतील बर्किन या कंपन्यांनीही याच धर्तीच्या मोटारी बनवल्या.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचे, जुन्या मोटारीचे भाग वापरून अल्प खर्चात घरीच स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून 'लोकॉस्ट' या नावाने ओळखली जाणारी घरबांधणीची चळवळ अनेक देशांत पसरली.

रचना आणि तत्त्व

हलक्या मोटारीचे गणित सोपे आहे. सुमारे ५०० किग्रॅ वजनाच्या मोटारीत ७५ अश्वशक्तीचे इंजिन असेल, तर प्रतिटन १५० अश्वशक्ती पडते. तेच इंजिन १,१०० किग्रॅ वजनाच्या मोटारीत बसवल्यास हे प्रमाण ६८ वर येते. त्यामुळे साध्या प्रवासी मोटारीचे इंजिनही येथे जोरकस वाटते. वजन निम्मे झाले की त्याच वेगाला गतिज ऊर्जाही निम्मी होते. म्हणून लहान ब्रेक पुरतात, टायर कमी झिजतात आणि वळणावर मोटार बाहेर फेकली जाण्याची ओढही त्याच प्रमाणात कमी असते.

या लाभाला दोन मर्यादा आहेत. पहिली हवेच्या रोधाची. उघडी चाके, उभी काच आणि मोकळी बैठक यांमुळे ही मोटार वारा नीट कापत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शून्यापासून वेग घेण्यात ती तरबेज असली, तरी कमाल वेगात तेवढी पुढे जात नाही. दुसरी मर्यादा ओझ्याची. दोन माणसे मिळून १५० किग्रॅ धरली, तर १,५०० किग्रॅच्या मोटारीत ती १० टक्के भर घालतात, ५०० किग्रॅच्या मोटारीत ३० टक्के. त्यामुळे एकट्याने चालवताना आणि सोबती असताना मोटारीचे वागणे स्पष्टपणे बदलते.

बाह्यांगासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास वापरतात. फायबरग्लासला मोठे साचे व दाबयंत्रे लागत नाहीत, तो गंजत नाही आणि तडा गेल्यास राळ व काचतंतूंची चटई लावून जागेवर दुरुस्त करता येतो. थोड्या संख्येने मोटारी बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळांना म्हणूनच तो सोयीचा पडतो.

महाराष्ट्रातील आणि भारतातील उदाहरणे

चिंकारा मोटर्स ही कंपनी गीडो बोथे आणि शमा बोथे यांनी उभी केली. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ तिची कार्यशाळा होती. तिची 'रोडस्टर १.८ एस' ही मोटार लोटस सेव्हनच्या घडणीवर बेतलेली असून तिचे बाह्यांग फायबरग्लासचे आहे. तिला इसुझु बनावटीचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवण्यात आले. याच घराण्यातील इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसेडर १८०० आयएसझेड या मोटारीमुळे भारतातील गॅरेजवाल्यांना परिचित होते. दाता मोटारीची कल्पना येथे उपयोगी पडते: बाह्यरूप दुर्मीळ असले, तरी इंजिनाचे काम जाणणारा मिस्त्री सापडू शकतो. चिंकारा हे नाव भारतातील चपळ हरिणजातीवरून घेतलेले आहे.

याच सुमारास, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सॅन मोटर्स या कंपनीने 'स्टॉर्म' ही दोन आसनी, फायबरग्लासच्या बाह्यांगाची उघडी मोटार भारतीय बाजारात आणली. तिला रेनॉचे ११४९ घनसेंमीचे इंजिन होते. ती संच म्हणून नव्हे, तर तयार मोटार म्हणून विकली गेली. तरीही हलकी चौकट आणि परिचित इंजिन हे सूत्र तेच होते. दोन्ही मोटारी अत्यल्प संख्येने रस्त्यावर आल्या.

मालकी आणि नोंदणी

ब्रिटनमध्ये एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येण्यास मान्यता देण्याची व्यवस्था आहे. १९९८ मध्ये ती प्रवासी मोटारींना लागू झाली आणि २००९ मध्ये तिचे स्वरूप अधिक कडक झाले. घरी बांधलेली मोटार या चाचणीत उत्तीर्ण झाली की कायदेशीर ठरते.

भारतातील व्यवस्था वेगळ्या पायावर उभी आहे. येथे कायदा वाहनाला त्याच्या उत्पादकामार्फत ओळखतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना कोणतेही वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नव्या वाहनाच्या नोंदणी अर्जासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील, उत्पादकाने दिलेले रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. अशा संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट या पुण्यात आहेत, तर वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगर येथे आहे. एका नमुन्याच्या चाचणीचा खर्च हजारो मोटारींवर वाटला गेला तर परवडतो. एकाच मोटारीसाठी तो झेपत नाही. घरी बांधलेल्या मोटारीची अडचण मुख्यतः येथेच आहे.

जुन्या नोंदणीकृत मोटारीचा सांगाडा वा बाह्यांग बदलून किट मोटार बनवणे हाही मार्ग खुला नाही. कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पुन्हा स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ क मध्ये मालकाने केलेल्या विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणून अशी मोटार वापरलेल्या स्थितीत विकत घेताना नोंदणी प्रमाणपत्रातील बनावट, प्रकार, चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीशी ताडून पाहणे अत्यावश्यक ठरते. कागदावर एक मोटार आणि रस्त्यावर दुसरी अशी स्थिती असल्यास तृतीय पक्ष विम्याचा दावाही वादात सापडू शकतो. अपघातात दुसऱ्या कोणाची हानी झाली, तर त्याचा भार अखेर मालकावर पडण्याची शक्यता असते.

चालवण्याचा अनुभव

चालक जमिनीपासून काही इंचांवर, मागच्या आसाच्या जवळ बसतो. स्टिअरिंगला बहुधा यांत्रिक साहाय्य नसते. तरी पुढे भार कमी असल्याने ते हलके चालते आणि रस्त्याचा पोत हातांना कळतो. ब्रेकच्या पायट्यावर नेहमीच्या मोटारीपेक्षा अधिक जोर द्यावा लागतो. चाके घसरू नयेत म्हणून आपोआप काम करणारी यंत्रणा अनेक किट मोटारींत नसते. ओल्या रस्त्यावर मागची चाके सहज फिरू लागतात, त्यामुळे ॲक्सिलरेटर हळुवार दाबण्याची सवय लावून घ्यावी लागते. टायरमधील हवा या मोटारींत सामान्य मोटारीपेक्षा कमी ठेवतात. ती दाता मोटारीच्या मापाने भरल्यास मोटार उड्या मारते व पकड घटते.

मराठवाड्याच्या रस्त्यांवर या प्रकारच्या मोटारीच्या मर्यादा लगेच दिसतात. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे ठिकाण उदाहरण म्हणून घेता येईल. जालना–मंठा–जिंतूर मार्गावरून सेलूकडे जाणारा रस्ता येथे फुटतो. हा सारा प्रदेश काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्त्यांना लाटा व खचवटे पडतात. जमिनीलगतच्या मोटारीचे तळभांडे अशा रस्त्यावर आणि उंच गतिरोधकांवर घासण्याचा धोका असतो. गतिरोधक तिरके ओलांडणे, हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे.

याहून गंभीर प्रश्न दिसण्याचा आहे. मोटारीची उंची सुमारे एक मीटर असल्याने चालकाची नजर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाच्या पातळीला येते. मालमोटारीच्या चालकाला ती जवळ आल्यावर दिसतच नाही. फाट्यावर वळणाऱ्या अवजड वाहनांत ही बाब जीवघेणी ठरू शकते. म्हणून दिवसाही दिवे चालू ठेवणे, मोठ्या वाहनाच्या अगदी बाजूने न चालणे आणि अंधारात प्रवास टाळणे हे नियम पाळावेत. हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल–मे महिन्यांत या भागातील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, त्यात गिअरबॉक्सची उष्णता पायांशी येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ तुलनेने सुखाचा असतो.

सुरक्षितता

हलक्या मोटारीची टक्कर जड वाहनाशी झाली, तर गतीतील मोठा बदल हलक्या मोटारीलाच सोसावा लागतो. हा भौतिकशास्त्राचा नियम कोणत्याही कौशल्याने टळत नाही. बाजूच्या दाराचा आणि छताचा आधार नसल्याने चालकाच्या डोक्यामागील भक्कम सुरक्षा कमान आणि योग्य रीतीने सांगाड्याला जोडलेले पट्टे हीच मुख्य साधने उरतात. कमान चालकाच्या डोक्यापेक्षा उंच असावी लागते. कायद्यातील हेल्मेटची सक्ती दुचाकीसाठी असली, तरी काच नसलेल्या मोटारीत डोळ्यांचे व डोक्याचे संरक्षण वापरणे शहाणपणाचे आहे. भारतात १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रवासी मोटारींच्या नमुन्यांना धडक चाचणी आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी हवेची पिशवी अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या उघड्या मोटारींना या संरक्षणाचा लाभ नाही.

देखभाल

कंप अधिक असल्याने बोल्ट सैल होतात. काही शे किलोमीटरनंतर निलंबन, स्टिअरिंग व चाकांचे बोल्ट पुन्हा आवळणे हा जुळणीचाच भाग मानतात. नळ्यांच्या जोडांवरील वेल्डिंगला बारीक तडे गेले आहेत का, पत्र्याखाली पाणी साचून गंज धरला आहे का, हे पावसाळ्यानंतर पाहावे. कोकणच्या खाऱ्या हवेत हे काम अधिक निकडीचे होते. मोटार ज्याने जुळवली त्याने कोणता भाग कोणत्या दाता मोटारीचा आहे याची लेखी नोंद ठेवणे फार उपयोगी असते. ती नसल्यास पुढच्या मालकाला ब्रेकचे साधे पॅडही शोधत फिरावे लागते.

विद्यार्थ्यांसाठी पर्याय

मोटार स्वतः बांधण्याची इच्छा असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. 'फॉर्म्युला भारत' आणि 'सुप्रा एसएईइंडिया' यांसारख्या स्पर्धांत विद्यार्थीगट एकआसनी, उघडी, हलकी मोटार आखून व बांधून बंदिस्त धावपट्टीवर चालवतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या गटाने विजेवर चालणाऱ्या अशा मोटारी बांधून ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोन येथील स्पर्धेतही भाग घेतला आहे. या मोटारी सार्वजनिक रस्त्यावर येत नसल्याने नोंदणीचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र चौकटीची ताकद, ब्रेक व चालकाचे संरक्षण यांची कठोर तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज मोटार धावपट्टीवर सोडली जात नाही. काय वगळावे आणि काय कदापि वगळू नये, याचा निर्णय विद्यार्थ्याला येथे अनुभवी परीक्षकांच्या देखरेखीखाली घ्यायला मिळतो.