पेनिसिलिनच्या बुरशीची वंशावळ

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे मरणोन्मुख अवस्थेतील एका पोलीस शिपायास पेनिसिलिन टोचण्यात आले. प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. परंतु पाच दिवसांत औषधाचा साठा संपला. रुग्णाच्या मूत्रातून ते परत मिळवूनही पुरले नाही आणि मार्चमध्ये तो दगावला. औषधाचा गुण सिद्ध झाला होता. प्रश्न होता तो बुरशीच्या कृपणपणाचा.

तो सुटला मुख्यतः बुरशीचा वाण बदलून. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथील शासकीय कृषी प्रयोगशाळेला एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उदार बुरशी सापडली. ‘एन. आर. आर. एल. १९५१’ या नावाने ती ओळखली जाते. (हा आकडा सालाचा नव्हे, संग्रहातील नोंदीचा आहे.) पोषकद्रवाच्या दर मिलिलिटरमागे ती सुमारे १०० एकके पेनिसिलिन देई. तिच्यातूनच निवडलेला, निसर्गतः बदललेला एक वाण सुमारे २५० एकके देऊ लागला.

ज्वारीच्या शेतात एखादेच कणीस वेगळे निघते, तसाच हा प्रकार. पेशीविभाजनाच्या वेळी जनुकांची नक्कल होताना क्वचित चूक राहते व ती पुढील पिढ्यांत उतरते. यास स्वयंस्फूर्त उत्परिवर्तन म्हणतात. क्ष-किरण, जंबुपार किरण अथवा काही रसायने यांच्या योगे अशा बदलांचे प्रमाण पुष्कळ वाढविता येते; ते प्रवर्तित उत्परिवर्तन होय. क्ष-किरणांचा हा परिणाम हर्मन म्यूलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवून दिला होता. बुरशी तर या कामास विशेष सोयीची. तिच्या बीजुकात, म्हणजे सूक्ष्म बीजात, जनुकांचा एकच संच असतो. त्यामुळे झालेला बदल दुसऱ्या संचाआड झाकला जात नाही.

मात्र किरण आंधळे असतात. बहुतेक बीजुके मरतात. उरलेल्यांपैकी बहुतेक पूर्वीसारखीच किंवा अधिक निकृष्ट निघतात. म्हणून प्रत्येक बीजुकाची वसाहत वेगळी वाढवून तिचे उत्पादन मोजावे लागते. खरे श्रम या निवडीत आहेत, यंत्रात नव्हेत. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे क्ष-किरणांनी मिळालेल्या ‘एक्स-१६१२’ या वाणाने सुमारे ५०० एकके दिली. त्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठात जंबुपार किरणांचा प्रयोग होऊन ‘क्यू-१७६’ निघाला. त्याचे उत्पादन ९०० एककांच्या घरात गेले. तो औषधात पिवळा रंग सोडी. पुढे आणखी उत्परिवर्तन घडवून बिनरंगी वाणही मिळविण्यात आला. आजचे औद्योगिक वाण याच खरबुजावरील बुरशीचे वंशज होत. त्यांपैकी अनेकांत पेनिसिलिन घडविणाऱ्या जनुकांच्या एकाहून अधिक प्रती आढळल्या आहेत.

युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पिंपरी येथे उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. अशा कोणत्याही कारखान्याला एक चिंता कायम असते. स्वयंस्फूर्त उत्परिवर्तन थांबत नाही. औषधनिर्मितीचा भार टाकून दिलेली पेशी बहुधा जोमाने वाढते आणि पुनःपुन्हा लागवड केल्यास हळूहळू साऱ्या टाकीचा ताबा घेते. बुरशी भरघोस दिसते, उत्पादन मात्र घसरते. यासाठी मूळ वाणाची बीजुके गोठवून वाळवून बंद कुप्यांत किंवा निर्जंतुक कोरड्या मातीत ठेवतात, आणि नव्या लागवडीसाठी कालच्या टाकीकडे न जाता त्या कुपीकडे परत जातात.