पाळीचा कामगार, टपरी आणि पथ्यविचार

'बाहेरचे खाणे बंद करा' हे वाक्य आपण सर्वच वैद्य दररोज उच्चारतो. नाशिकरोडजवळील एकलहरे येथे मात्र ते बहुधा कागदावरच राहते. येथील औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच असून काम पाळ्यांमध्ये चालते. रात्रपाळी संपवून निघणारा कामगार भुकेला आणि जागरणाने रूक्षता व वातवृद्धी झालेला असतो. घरी पोहोचण्यापूर्वी वाटेत वडापाव, भजी, मिसळ यांच्या गाड्या लागतात. अशा वेळी मधुमेही रुग्णाने केवळ मनोनिग्रहावर पथ्य पाळावे, ही अपेक्षा आम्हांस अव्यवहार्य वाटते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. आपण पथ्य सांगतो ते प्रामुख्याने प्रकृतीचे, म्हणजे पदार्थ गुरू की लघु एवढेच. टपरीवर खरा अपाय होतो तो करण, राशी व काल यांमुळे.

मिसळीचेच उदाहरण घ्यावे. (नाशिककरास मिसळ सोडावयास सांगणारा वैद्य पुढील खेपेस रुग्णाची वाट पाहत बसतो!) तिच्यातील मटकी म्हणजे मकुष्ठ, चरकांनी रक्तपित्त, ज्वर इत्यादींत ती प्रशस्त मानली आहे. दोष मोड आलेल्या मटकीचा नाही. तो वर पसरलेल्या फरसाणाचा, तर्रीचा आणि तिसऱ्या-चौथ्या पावाचा आहे. फरसाण वेगळ्या वाटीत आणि पाव मागितल्यावरच दिला, तरी राशी आपोआप आवरते. अर्धी थाळी अर्ध्या किमतीत मिळाली तर अधिक बरे. तळणाच्या तेलाबाबत तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे : त्यातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरता येत नाही. टपरीवर मोजमाप होणे कठीण; पण काळवंडलेले, फेसाळणारे, लवकर धुरकटणारे तेल ग्राहकास ओळखता येते.

विक्रेत्याची भीती रास्त आहे. माल उरला तर तोटा त्याचाच. म्हणून त्याचा वडा बंद करावयास न सांगता उकडलेले हरभरे, पेरू, झुणका-भाकरी यांपैकी एखादा पदार्थ दर्शनी भागी ठेवण्यास सुचवावे आणि एकाच पाळीतील आठ-दहा जणांनी तो नियमित घ्यावा. मांडणीचा प्रभाव मोठा असतो. अमेरिकेतील बॉस्टन येथे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या उपाहारगृहात २०१० मध्ये पदार्थांना लाल, पिवळी, हिरवी खूण केली आणि नंतर पाण्याच्या बाटल्यांसारख्या हितकर वस्तू नजरेच्या पातळीवर आणल्या. लाल खुणेच्या पदार्थांची विक्री घटली. कोणताही पदार्थ बंद केला नव्हता.

ताकाविषयी मात्र सावधानता हवी. ग्रहणी, अर्श यांत ते श्रेष्ठ असले तरी उष्णकाल, दाह, मूर्च्छा, रक्तपित्त यांत निषिद्ध आहे. बॉयलरच्या उष्णतेत काम करून आलेल्यास चैत्र-वैशाखात सरसकट 'ताक प्या' असे न सांगता धण्याचे थंड पाणी अथवा अल्प साखरेचे कोकम सरबत सुचवावे. याकरिता केसपेपरवर पदार्थाबरोबरच रुग्णाची पाळी, खाण्याची वेळ आणि नेहमीची गाडी यांचीही नोंद करावी. रुग्णाची संमती असल्यास त्या गाडीवाल्याशी वैद्याने स्वतः बोलावे.