पानाला विचारायचं की दिनदर्शिकेला?

रोज एक पान फाडायची दिनदर्शिका आठवते? १ मे १९६० ला कोणता वार होता, हे त्या दिवसाच्या पानावरच छापलेलं असणार : रविवार. पण ‘आज कोणतं पान?’ हे कुठलंच पान सांगू शकत नाही. ते दिनदर्शिकेलाच विचारावं लागतं. कोणाला विचारायचं, ही निवड प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही करावी लागते.

पायथन भाषेत तारखांसाठी ‘डेट’ नावाचा क्लास आहे. क्लास हा साचा आणि त्यातून निघालेली एकेक तारीख म्हणजे ऑब्जेक्ट. १ मे १९६० ही तारीख बनवून तिला ‘वीकडे’ विचारा, उत्तर येतं ६. सोमवारला ० धरलं की ६ म्हणजे रविवार. हा प्रश्न त्या एका तारखेचा. ‘टुडे’चं तसं नाही. आजची तारीख अजून बनायचीच आहे, मग विचारणार कोणाला? साच्यालाच. अशा विचारण्याला ‘मेथड’ म्हणतात; साच्याला विचारायची ही झाली क्लास मेथड. ऐंशीच्या दशकातल्या स्मॉलटॉक भाषेतही आजची तारीख ‘डेट’ क्लासकडेच मागत.

क्लास मेथडचं खरं काम हेच : नवं ऑब्जेक्ट घडवून देणं. तारीख कधी घड्याळावरून बनते, कधी ‘१९६०-०५-०१’ अशा मजकुरावरून. प्रत्येक वाटेला वेगळी मेथड. शिवाय आपल्याला कोणत्या क्लासवरून हाक मारली, हे तिला कळतं. ‘डेटटाइम’ हा ‘डेट’चा वारस. त्याच्याकडे ‘टुडे’ मागितलं की तारखेबरोबर वेळही मिळते.

फसगत होते ती बदलती माहिती क्लासवर ठेवली की. दुकानाच्या प्रोग्राममध्ये ‘पिशवी’ क्लासवरच सामानाची यादी ठेवली, तर ती सगळ्या पिशव्यांची सामायिक होते. एका गिऱ्हाइकाने घेतलेले कांदे दुसऱ्याच्या बिलात दिसतात!

आणि प्रत्येक काम क्लासला चिकटवायलाच हवं असंही नाही. १९०० हे लीप वर्ष होतं का, हे सांगायला ना साचा लागतो ना तारीख. पायथनमध्ये त्यासाठी ‘इसलीप’ हे साधं, सुटं फंक्शन आहे. ते ‘नाही’ म्हणतं आणि मोकळं होतं.

तेव्हा मेथड लिहून झाली की एकदा तपासा : ती ऑब्जेक्टची स्वतःची माहिती वापरते का? वापरत असेल, तर ती ऑब्जेक्टची. फक्त साचा लागत असेल, तर क्लासची. दोन्ही लागत नसतील, तर तिला खुशाल बाहेर राहू द्या.