हरभऱ्याचे झाड पारखावे कसे?



हरभऱ्याच्या शेतावरून जाताना आपण काय पाहतो? झाडे गुडघ्याला लागली, पाला दाट दिसला, की लगेच म्हणतो, "यंदा पीक बक्कळ!" आणि खळ्यावर पाहावे, तर भुसा ढीगभर, दाणे मात्र बेताचे. असे का व्हावे?

जरा हिशेब मांडू. दाण्याचे उत्पन्न म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार : शेतात टिकलेली झाडे, एका झाडावरचे घाटे, घाट्यातले दाणे आणि दाण्याचे वजन. समजा, एकरात १ लाख झाडे टिकली. दर झाडाला ३० घाटे, १० घाट्यांत मिळून १२ दाणे आणि १०० दाण्यांचे वजन २० ग्रॅम. म्हणजे झाडामागे ३६ दाणे, ७.२ ग्रॅम वजनाचे. एकरी झाले ७ क्विंटल २० किलो. या हिशेबात उंची कोठेच आली नाही, हे ध्यानात घ्या.

मग या चौघांपैकी भरवसा कोणाचा? देशी हरभऱ्याच्या घाट्यात बहुधा एक किंवा दोनच दाणे असतात. तेथे फारसा वाव नाही. निरनिराळ्या वाणांची मोजदाद केली असता बहुतेक वेळा असे आढळते, की उत्पन्नाचे सर्वांत जवळचे नाते घाट्यांच्या संख्येशी असते. घाटे लागतात फांद्यांवर. म्हणून फांद्यांचेही नाते जवळचे. उंचीचे नाते मात्र सैल. भारी जमिनीत पाणी जास्त झाले, की हरभरा माजतो. पाला वाढतो, सावली होते आणि घाटे कमी धरतात. कोवळे शेंडे खुडून आपण भाजी करतो ना? ते वेळेवर, फुले येण्याआधी खुडले आणि जमिनीत ओल असली, तर बाजूच्या फांद्या फुटतात. यामागचे कारण हेच.

तर मग टपोरा दाणा निवडला की काम झाले? तसेही नाही. झाडाजवळचे अन्न म्हणजे एकाच ताटातली भाकरी. दाणा मोठा झाला, की घाट्यांची संख्या बहुधा घटते. काबुली हरभऱ्याचा दाणा टपोरा आणि भावही चांगला. पण तेवढ्यावरून एकरी वजन जास्तच मिळेल, असे समजू नये.

नाती जमिनीप्रमाणे बदलतात, हेही विसरू नका. कोरडवाहू रानात ओल लवकर आटते. तेथे लवकर फुलणारा वाण घाटे भरून मोकळा होतो. उशिरा फुलणारा ऐन दाणे भरताना सुकतो. पाण्याची सोय असली, तर थोडा जास्त दिवसांचा वाणही साधतो. आणि कापणी यंत्राने करायची असेल, तर उंच, उभट झाडच सोयीचे.

आता बियाणे राखताना होणारी एक चूक सांगतो. बांधाकडेचे झाड घाट्यांनी लगडलेले दिसते आणि आपण तेच बियाण्याला धरतो. पण त्याला जागा, ऊन, ओल सारेच जास्त मिळालेले असते! तो गुण जागेचा, बियाण्याचा नव्हे. पुढच्या साली ते बी दाट ओळीत पेरले, की निराशा पदरी येते. म्हणून झाड निवडावे ते शेताच्या आतले, चारही बाजूंना शेजारी असूनही ज्याने घाटे जास्त धरले असे. मर रोगाने जेथे झाडे वाळली, तेथले बी घेऊच नये.

गुरुजी, हा धडा वर्गाबाहेर शिकवण्याजोगा आहे. काढणीच्या वेळी शेतमालकाला विचारून आतली दहा झाडे मुलांकडून उपटून आणवा. प्रत्येकाची उंची, फांद्या, घाटे, दाणे आणि दाण्यांचे वजन वहीत मांडू द्या. मग सर्वांत उंच झाड आणि सर्वांत जास्त दाणे देणारे झाड एकच आहे का, ते मुलांनाच शोधू द्या. दहा झाडांवरून नियम ठरत नाही, हेही सांगा. पण मोजून मग बोलण्याची सवय मात्र नक्की लागेल. आणि ज्याच्या घरी ही सवय आली, त्याच्या बियाण्याच्या कणगीत वर्षावर्षाला चांगलेच बी साठत जाईल.