लॅपटॉप मध्येच थिजतो तेव्हा

गटाचा हिशोब भरता भरता लॅपटॉप एकदम गप्प होतो. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, "जुना झाला, टाकून द्या." पण टाकायची घाई नको. तो कधी थिजतो यावर नीट लक्ष ठेवलं, तर कशामुळे थिजतो ते बरंचसं कळतं.

थिजला की आधी दोन-तीन मिनिटं थांबा. मग कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे, एखादं काम अडकलं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून अडकलेलं काम बंद करा. दिवाही हलत नसेल तर चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धरा. शेवटचं सेव्ह केल्यानंतरची नोंद यात जाते, म्हणून दर चार-पाच ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबायची सवय हवीच.

आता कारणं. अर्ध्या तासाने थिजतो, खालून तापतो, पंखा घरघरतो, तर तो उष्णतेने थिजतो. दांडी, उच्छेळी, नवापूरच्या किनाऱ्यावर हे जास्त होतं. आपल्या हवेतलं मीठ ओल धरतं, त्या ओलीवर धूळ चिकटते आणि पंख्याची जाळी बुजते. पत्रे, सायकली किती लवकर गंजतात ते आपण पाहतोच. लॅपटॉप गोधडीवर किंवा मांडीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतही ओल असते. आतली सफाई मात्र दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. प्रोसेसरवरचा लेप वाळला असेल तर तो नवा लावायला सांगा, आणि मेमरीची पट्टी काढून तिचे संपर्क पुसायलाही सांगा. पावसाळ्यात लॅपटॉप महिनाभर कपाटात कोंडून ठेवू नका, अधूनमधून चालवा.

चार्जर लावला की बाण वेडावाकडा पळतो आणि बॅटरीवर नीट चालतो, असं असेल तर चार्जर किंवा घरातलं अर्थिंग तपासा. आणि बाण फिरवायची पट्टी वर उचललेली दिसली, झाकण नीट बसत नसलं, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका. बॅटरी दाबू नका, टोचूही नका, ती पेट घेऊ शकते.

बऱ्याच गोष्टी एकदम उघडल्यावरच थिजत असेल, तर मेमरी कमी पडते. दोन-दोन अँटीव्हायरस टाकलेले असतील तर एक काढा, ते आपसातच भांडतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणून कुणी जुन्या यंत्रात विंडोज ११ ओढूनताणून बसवून देतो म्हणाला, तर आधी ते यंत्राला झेपेल का हे विचारा.

सगळ्यात वाईट खूण वेगळीच आहे. फाईल उघडतानाच थिजतो, आतून टिकटिक आवाज येतो, चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ही हार्ड डिस्क खराब होत चालल्याची लक्षणं. इथे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गटाचा हिशोब, कर्जाच्या नोंदी, ठराव पेन ड्राइव्हवर उतरवा. दोन पेन ड्राइव्ह असतील तर उत्तमच. पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नका, आणि नक्कल हातात येण्याआधी कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. कारण यंत्र पुन्हा मिळेल, पण कुणी किती हप्ता भरला यावरून गटात वाद उठला की तो मिटवणं फार अवघड. नंतर त्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येते. जुनं यंत्र त्याने बरंच चपळ होतं. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच तर आधी इथे करावा.

बोईसरला दुरुस्तीला नेताना "बंद पडतो" एवढंच सांगू नका. किती वेळाने, काय करताना, चार्जर होता की नव्हता, हे वहीत लिहून न्या. आणि बदललेली जुनी डिस्क मागून घ्या. बायकांचे आधार आणि पासबुकांचे फोटो तिच्यातच असतात.